वजिराने निवेदन केलं की गुरं सोडली?

अरबीचा वर्ग सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. सरांनी वर्तमानपत्राचं कात्रण हातात दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. पहिलेच दोन शब्द होते ‘सर्रहल् वजीरु’, म्हणजे ‘मंत्र्यांनी निवेदन केलं’. मी आपला घरचा मराठी ‘स’ लावून वाचून टाकलं. सरांनी थांबवलं. ‘‘मंत्र्यांनी सोडलं म्हणालात? कोणाला, गुरांना की नोकरांना?’’

वर्ग हसला. मला विनोद कळायला आठवडा गेला.

अरबीत दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि देवनागरीत दोन्ही ‘सर्रहा’ अशीच लिहावी लागतात. पहिल्यात ‘साद’ नावाचा जाड स आहे. जिभेचं मूळ मागे खेचून, तोंड आतून पोकळ करून तो काढायचा. पुढचा ‘अ’सुद्धा मग थोडा ‘ऑ’कडे झुकतो. या सर्रहाचा अर्थ स्पष्ट सांगणं, निवेदन करणं. दुसऱ्यात ‘सीन’ आहे, म्हणजे आपला साधा स. त्याचा अर्थ मोकळं सोडणं: गुरं चरायला सोडणं, कामगारांना कामावरून काढणं, आणि पुढे ‘केस’ हा शब्द आला तर चक्क केस विंचरणं. कुराणात घटस्फोटाच्या संदर्भात ‘तस्रीहुन् बि-इहसान’, म्हणजे ‘भलेपणाने सोडून देणं’, असे शब्द येतात. तिथला तस्रीह हा दुसरा, सीनवाला. शेवटचा ‘ह’ मात्र दोन्हीकडे एकच आहे, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडताना घशातून येतो तसा. तोच ह थोडा खरखरीत झाला आणि क्रियापदाचं रूप बदललं तर ‘सरखा’ होतं, म्हणजे ‘किंचाळला’. मंत्र्यांच्या बाबतीत तेही अगदीच अशक्य नाही, पण बातमी वेगळी होते.

या लेखात साद-वाला सर्रहा घेऊ. अरबी वर्तमानपत्र उघडलं की राजकारणाच्या पानावर तो भेटतोच. शब्दकोशात ‘म्हणाला, सांगितलं, जाहीर केलं’ असे तीन अर्थ दिलेले असतात आणि शिकणारा समजतो की ‘म्हणाला’ऐवजी कुठेही चालेल. तसं चालत नाही.

अरबी शब्दाचा स्वभाव त्याच्या तीन मूळ अक्षरांत असतो. इथे ती आहेत स (जाड), र आणि ह. जुन्या अरबी कोशांत या धातूखाली दूध सापडतं. धार काढल्यावर वर फेस असतो. तो बसला, खाली नुसतं दूध उरलं, की ते ‘सरीह’. ज्यात काही मिसळलेलं नाही ते सरीह. कुळात मिसळ नसलेला माणूसही सरीह. मराठीत निर्भेळ म्हणा, निखळ म्हणा. बोलण्यातला फेस काढला की उरतं ते सरीह बोलणं, आणि तसं बोलण्याच्या वृत्तीला म्हणतात ‘सराहा’, म्हणजे मोकळेपणा. २०१७ सालच्या पावसाळ्यात आपल्याकडे कॉलेजच्या पोरांनी ‘सराहा’ नावाच्या ॲपवर एकमेकांना निनावी निरोप पाठवून धुमाकूळ घातला होता, ते आठवत असेल. ते सौदी अरेबियात बनलं होतं आणि नाव होतं याच शब्दावरून. हिंदीत ‘सराहा’ म्हणजे ‘वाखाणलं’, त्यामुळे अनेकांना ते कौतुकाचं ॲप वाटलं. आत मात्र लोक फेस काढून बोलत होते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. ‘त्याने साफ सांगितलं’, ‘स्वच्छ नाही म्हणाला’ असं आपण रोज म्हणतो. बोलणं स्वच्छ असतं म्हणजे त्यात गढूळपणा नसतो. गंमत म्हणजे ‘साफ’ हाही मुळात अरबीच, फारसीच्या वाटेने आपल्या घरात आलेला.

आता धातूपासून क्रियापद कसं बनतं ते बघू. मधलं अक्षर दुप्पट करायचं: सरहा, सर्रहा. असं दुप्पट केलं की पुष्कळदा ‘तसं करणं, तसं बनवणं’ असा अर्थ येतो. सरीह म्हणजे निखळ, तर सर्रहा म्हणजे निखळ केलं, उघड केलं. अशा क्रियापदाचं नाम ठरलेल्या साच्यात पडतं: आधी ‘त’, मग पहिलं अक्षर, दुसरं अक्षर, दीर्घ ई, तिसरं अक्षर. सर्रहाचं होतं ‘तस्रीह’. साचा अवघड वाटला तर मराठीच आठवायची. तपशील, तहसील, तालीम, तजवीज, तबदील हे सगळे त्याच साच्यातून निघालेले आहेत. तपशील म्हणजे मूळ ‘तफ्सील’, तुकडे वेगळे करून मांडणं. तहसील म्हणजे वसूल करणं. तालीम म्हणजे शिकवणं, मग ते गाणं असो की कुस्ती. ‘तसदी घेणं’ यातली तसदीही याच घरची. तिच्या धातूतून अरबीत डोकेदुखीला ‘सुदाअ’ म्हणतात, तेव्हा कोणाला तसदी देणं म्हणजे अक्षरशः त्याचं डोकं उठवणं. दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरांतून फारसी आली, तिच्या पोटातून हे शब्द आले आणि आपण अरबी व्याकरणाचा एक अख्खा साचा न शिकता पाठ करून बसलो. तस्रीह तेवढा आपल्याकडे रुजला नाही. ती जागा आपण ‘जाहीर’ला दिली.

रूपं सोपी आहेत. सर्रहा म्हणजे त्याने सांगितलं, सर्रहत् म्हणजे तिने, सर्रह्तु म्हणजे मी, सर्रहू म्हणजे त्यांनी. वर्तमानात युसर्रिहु, ‘तो सांगतो’. मराठी माणसाची अडचण क्रमात होते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी, अरबीचं बहुधा सुरुवातीला. शिवाय क्रियापद आधी आलं तर मागून कितीही मंत्री येवोत, ते एकवचनातच राहतं: ‘सर्रहल् वुजरा’. मंत्री आधी आले तर मात्र ‘अल्-वुजराउ सर्रहू’, अनेकवचन. मला हे नेहमी असं वाटतं की वाक्य सुरू करताना अरबीला अजून माहीत नसतं, दारात किती पाहुणे उभे आहेत.

खरी मेख पुढच्या छोट्या शब्दात आहे. ‘काला’ (घशातला क) म्हणजे ‘म्हणाला’. त्याच्यानंतर ‘की’साठी ‘इन्ना’ येतो. सर्रहानंतर ‘अन्ना’ येतो, आणि काटेकोर लिहिणारे त्याआधी ‘बि’ लावतात: सर्रहा बि-अन्ना. वर्तमानपत्रं घाईत ‘बि’ गाळतात आणि व्याकरण त्याला हरकत घेत नाही. इन्ना-अन्नाची अदलाबदल मात्र शिक्षकाच्या कानाला टोचते. परीक्षेत माझे सगळ्यात जास्त गुण इथेच गेले. कोणाजवळ निवेदन केलं हे सांगायला ‘लि’: सर्रहा लिल्-विकाला, म्हणजे वृत्तसंस्थेला सांगितलं.

इथपर्यंत सगळं सरळ. पण हाच सर्रहा, हेच लि आणि हेच बि घेऊन दुसराच अर्थ निघतो. ‘सर्रहा लहू बिस्सफर’ याचा अर्थ ‘त्याने त्याला प्रवासाबद्दल सांगितलं’ असा नाही, तर ‘त्याने त्याला प्रवासाची परवानगी दिली’ असा आहे. बि-च्या पुढे काय येतं ते बघायचं. पुढे अन्ना आणि पूर्ण वाक्य आलं तर निवेदन. पुढे नुसतं कामाचं नाव आलं, म्हणजे प्रवास, काम, बांधकाम, दफन, आणि देणारा अधिकारी असला, तर बहुतेक वेळा परवाना. निवेदन आणि परवानगी एका शब्दात कशी बसली? मला पटलेला दुवा असा: परवानगी म्हणजेही अधिकाऱ्याने मोघम न ठेवता तोंडाने वा कागदावर ‘हो’ म्हणणं. गप्प राहणं म्हणजे परवानगी नव्हे.

अनेकवचनात भाषेने दोघांना वेगळ्या वाटा दिल्या आहेत, आणि ही मला या शब्दातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. पुढाऱ्यांची निवेदनं असली तर ‘तस्रीहात’. कागदी परवाने असले तर बहुधा ‘तसारीह’. एकवचनात जुळे, अनेकवचनात वेगळे. मथळ्यात तस्रीहात दिसलं की कोणी तरी बोललंय. कचेरीच्या खिडकीवर तसारीह दिसलं की रांग आहे.

रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतून माणसं आखातात गेली, तिथे हा दुसरा अर्थ पुस्तकाशिवाय पोचतो. कामाचा परवाना ‘तस्रीह अमल’, आणि कारखान्याच्या फाटकावरच्या पाटीत ‘गैर अल्-मुसर्रह लहुम’, म्हणजे ‘ज्यांना परवानगी दिलेली नाही असे’, यांना प्रवेशबंदी. गैर हा गैरहजरमधलाच गैर.

हजच्या काळात तर या शब्दाला जिवाची किंमत येते. सौदी सरकार दरवर्षी घोषवाक्य चालवतं: ‘ला हज्ज बिला तस्रीह’, परवान्याशिवाय हज नाही. २०२४च्या जूनमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला. त्या हजमध्ये १,३०१ जण मरण पावले असं सौदी सरकारने जाहीर केलं, आणि त्यांतले ८३ टक्के परवाना नसलेले होते असंही सांगितलं. ‘मुसर्रह लहुम’ असणाऱ्यांना वातानुकूलित तंबू आणि बस मिळते. बाकीचे उन्हात लांब लांब चालतात. व्याकरणाच्या पुस्तकात ते एक कर्मणी धातुसाधित आहे, एवढंच.

आता पुन्हा बातमीकडे. अरबी वार्ताहरापुढे ‘म्हणाला’साठी शब्दांची मोठी पेटी असते आणि त्यातला कोणता काढला यावरून वाचकाला पुष्कळ कळतं. ‘काला’ तटस्थ आहे, राजालाही चालतो आणि रिक्षावाल्यालाही. ‘अक्कदा’ म्हणजे ठासून सांगितलं. बोलणारा अक्कदा करतो तेव्हा आधी कोणी तरी शंका घेतलेली असते, असं समजायला हरकत नाही. ‘अफादा’ म्हणजे माहिती दिली. हा वृत्तसंस्थांचा आवडता. ‘जकरा’ म्हणजे उल्लेख केला, आणि त्याच धातूतून आपला ‘मजकूर’ आला. अरबीत मजकूर म्हणजे ‘उल्लेखिलेला’, आपल्याकडे कागदावर जे लिहिलंय ते सगळंच. ‘जअमा’ दिसला की सावध व्हायचं. आधुनिक बातमीत त्याचा अर्थ ‘म्हणे’ असा. शत्रूचे प्रवक्ते नेहमी जअमा करतात, आपले नेहमी अक्कदा. एकाच घटनेच्या दोन देशांतल्या बातम्या शेजारी ठेवून नुसती क्रियापदं अधोरेखित केली, तरी कोण कोणाच्या बाजूचं हे कळतं.

या पेटीत सर्रहा कुठे बसतो? बोलणारा कोणत्या तरी खुर्चीवर असतो आणि आपल्या शब्दांची जबाबदारी घेऊन बोलतो, तिथे. शेजारच्या काकू सर्रहा करत नाहीत. मंत्री, प्रवक्ता, राजदूत, संघाचा प्रशिक्षक, सामन्यानंतर मायक्रोफोनसमोर आलेला खेळाडू करतात. सौदी वृत्तसंस्थेचा एक ठरलेला साचाच आहे: ‘सर्रहा मस्दरुन् मस्ऊल’, म्हणजे एका जबाबदार सूत्राने निवेदन केलं. आता ज्याचं नाव सांगायचं नाही त्याने निवेदन करायचं, तेही ‘निखळ, उघड’ असा अर्थ असलेल्या क्रियापदाने! पण ते सरकारचं अधिकृत म्हणणं आहे हे वाचक त्या क्रियापदावरूनच ओळखतो.

निवेदन ‘देणं’ असं म्हणायचं झालं तर अरबीत फार सुंदर प्रयोग आहे: ‘अद्ला बि-तस्रीह’. ‘दल्व’ म्हणजे पोहरा आणि अद्ला म्हणजे विहिरीत पोहरा सोडणं. कुराणातल्या यूसुफच्या गोष्टीत तांड्याचा पाणक्या विहिरीत पोहरा सोडतो तिथे हेच क्रियापद आहे. आज पुढारी पत्रकारांसमोर तस्रीहाचा पोहरा सोडतात. मतदारही ‘आवाजाचा’ पोहराच सोडतो, कारण अरबीत मत म्हणजे ‘सौत’, आवाज. पोहरा भरून वर येतो की कोरडा, ते क्रियापद सांगत नाही.

सर्रहाची सगळ्यात जास्त गल्लत होते ‘अअलना’शी. त्याचं नाम ‘इअलान’, हिंदीतलं ऐलान. फरक लक्षात ठेवायला मी मराठीचीच मदत घेतो. निवडणुकीचा निकाल आपण ‘जाहीर’ करतो, युद्धही ‘जाहीर’ करतो, त्यांचं ‘निवेदन’ करत नाही. जिथे उच्चारामुळे काहीतरी घडतं किंवा आतली गोष्ट चव्हाट्यावर येते तिथे अअलना. जिथे कोणी आपली भूमिका किंवा माहिती स्पष्ट करतो तिथे सर्रहा. १० डिसेंबर १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं अरबी नाव म्हणूनच ‘अल्-इअलान अल्-आलमी’ असं आहे. आणि एक योगायोग: आपण ‘जाहीर’वरून ‘जाहिरात’ केली, अरबांनी इअलान हाच शब्द जाहिरातीला लावला. धातू वेगळे, काळ वेगळा, पण दोघांचं ‘सर्वांना कळवणं’ शेवटी साबण विकायलाच लागलं.

शब्दाची निवड इतिहासात किती बोलते याची दोन उदाहरणं पॅलेस्टाइन आणि इजिप्तची. २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांना पत्र लिहिलं. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर उभारण्याला सरकारची सहानुभूती आहे, असं त्यात होतं. आपण त्याला बाल्फोर जाहीरनामा म्हणतो. अरबीत ‘तस्रीह बाल्फोर’ हा शब्द आहे, पण शाळेपासून रस्त्यापर्यंत लोक म्हणतात ‘वअद बाल्फोर’, बाल्फोरचं वचन. वअद म्हणजे आपला वायदा. निवेदन केलं म्हटलं की बोलणारा एकटा असतो. वचन म्हटलं की लगेच प्रश्न येतो: कोणाच्या मालाचं वचन, कोणी कोणाला दिलं? अरबांची सगळी तक्रार त्या एका नामात बसते.

दुसरं उदाहरण उलट दिशेचं. १९१९च्या उठावानंतर ब्रिटनला इजिप्तवरचं संरक्षित राज्य टिकवणं जड जाऊ लागलं. वाटाघाटी फिसकटल्या, करार होईना. मग २८ फेब्रुवारी १९२२ला ब्रिटनने एकतर्फीच सांगून टाकलं की इजिप्त आता स्वतंत्र सार्वभौम राज्य आहे. सोबत चार गोष्टी मात्र स्वतःकडे राखल्या: साम्राज्याचे दळणवळण मार्ग, इजिप्तचं संरक्षण, परकी लोकांचे आणि अल्पसंख्याकांचे हितसंबंध, आणि सुदान. इजिप्तच्या इतिहासात या घटनेचं नावच ‘तस्रीह २८ फिब्राइर’ असं आहे. करार नाही, वचन नाही, स्वातंत्र्याचा इअलानही नाही. एका बाजूने केलेलं निवेदन. मला हा शब्द चपखल वाटतो, कारण त्यात तस्रीहाचा दुसरा अर्थही कानात वाजतो. स्वातंत्र्य होतं, पण परवान्यासारखं, अटी मागे छापलेल्या.

वर्तमानपत्रं नव्हती त्या काळातही सर्रहा जबाबदारीचाच शब्द होता. पैगंबरांची वचनं, म्हणजे हदीस, तोंडातोंडी आली. प्रत्येक वचनाला साखळी असे: अमक्याने मला सांगितलं, त्याला तमक्याने. ‘हद्दसना’ म्हटलं तर ‘त्याने आम्हाला स्वतः सांगितलं’. ‘अन्’ म्हटलं तर नुसतं ‘त्याच्याकडून’. या ‘कडून’मध्ये मधला एखादा माणूस गिळता येतो. असं गिळण्याला ‘तद्लीस’ म्हणत. आठव्या शतकातले चरित्रकार इब्न इस्हाक यांच्यावर तो ठपका होता. म्हणून हदीसचे परीक्षक त्यांची साखळी बघताना विचारत: इथे त्यांनी ‘सर्रहा बित्-तहदीस’ केलंय का, म्हणजे ‘मला त्याने सांगितलं’ असं स्पष्ट शब्दांत म्हटलंय का? म्हटलं असेल तर ही शंका मिटते. नुसतं ‘अन्’ असेल तर थांबा. आपल्या बातम्यांमधलं ‘सूत्रांकडून असे समजते’ वाचताना मला ते जुने परीक्षक आठवतात. त्यांनी ते एका ओळीत उडवलं असतं.

आता वापरायचा कसा? लिहिताना बोलणाऱ्याचं पद बघा, मग सर्रहा काढा. बोलताना मात्र तो जपून. कैरोत किंवा दुबईत टॅक्सीत बसून ‘काल बायकोने सर्रहत् बि-अन्ना घरात दूध नाही’ असं म्हणालात तर चालक आरशातून बघेल. ‘गृहमंत्रालयाने निवेदन प्रसृत केलं’ असा तो थाट होतो. तिथे साधा काला पुरे. आपल्याच माणसाला मनातलं मोकळेपणाने सांगितलं, असं म्हणायचं तर त्याच धातूचं लांबवलेलं रूप ‘सारहा’ आहे. मुलगा वडिलांना सारहा करतो की मला डॉक्टर व्हायचं नाही.

आणि या धातूचा एक शब्द मात्र बाजारात, घरात, फोनवर, कुठेही बेधडक चालतो: ‘बिसराहा’. खरं सांगू का, मोकळेपणाने सांगतो. दुकानदार गालिचा उलगडून दाखवतो, भाव सांगतो, आणि मान तिरकी करून ‘बिसराहा...’ म्हणतो. समजायचं, आता थोडा फेस येतोय.